सायकल, नदी आणि चढ : कोल्हापूरच्या आडरस्त्यांचा अभ्यास



दिवाळीची सुट्टी जवळ आली की वर्गातली चार-पाच जणं हमखास विचारतात, "सर, सायकलवरून कुठं जाऊ?" मग एकजण म्हणतो पन्हाळा, दुसरा म्हणतो नृसिंहवाडी. मोबाइल काढला की निळी रेघ दिसते, किलोमीटर कळतात, आणि बेत ठरला असं सगळ्यांना वाटतं. पण त्या रस्त्याला चढ किती, उसाच्या ट्रॉल्या किती, वाटेतला बंधारा पाण्याखाली आहे की बाहेर, हे ती रेघ धडपणे सांगत नाही. ते आपलं आपण वाचायला शिकायचं. आजचा पाठ त्यासाठी आहे. यात थोडा भूगोल आहे, थोडं गणित आहे.

आधी नद्या बघा

जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या आणि गावांची नावं क्षणभर विसरा. फक्त नद्या बघा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या सह्याद्रीच्या बाजूने येतात. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. प्रयाग चिखलीच्या संगमापासून पुढे पंचगंगा. ती शहराला वळसा घालून पूर्वेकडे जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराचा एकेक सोंड आलेला असतो.

आता सायकलवाल्याच्या डोळ्यांनी बघा. नदीच्या काठाकाठाने जाणारा रस्ता साधारण सपाट असणार, कारण नदीनेच ती जागा सपाट केलेली आहे. एका नदीचं खोरं सोडून दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात जायचं म्हटलं की मधला सोंड ओलांडायचा, म्हणजे चढ आलाच. एवढं एक सूत्र ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

अगदी पहिल्यांदा जाणाऱ्यांनी शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडीवरून प्रयाग चिखलीला जावं, संगम बघावा आणि परत यावं. लांब जायचं असेल तर गगनबावड्याची दिशा धरा. बालिंगा सोडलं की मोठ्या रस्त्याला चिकटून राहण्याची गरज नाही. कुडित्रे, सांगरूळ या बाजूला गावागावाला जोडणारे रस्ते आहेत. दोन्हीकडे ऊस, मध्येच भाताची खाचरं, झाडाखाली गप्पा मारत बसलेली म्हातारी माणसं. वाट विचारायला यांच्याइतकं भरवशाचं कुणी नाही. दुसरी दिशा भोगावतीची, म्हणजे हळदी, परिते करत राधानगरीकडे. छत्रपती शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पुस्तकात वाचलेत ना? तिथंच हा रस्ता जातो. मात्र राधानगरी पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, तेव्हा जाऊन-येऊन एका दिवसाचा हट्ट धरू नका. आणि पुढचा दाजीपूरचा पट्टा गव्यांचा आहे. पहाटे गवा रस्त्यावर दिसला तर घंटी वाजवायची नाही. लांब थांबायचं, तो जाईल तेव्हा आपण जायचं.

आता गणित. माझंच चुकलेलं.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात नववीच्या तीन मुलांना घेऊन मी पन्हाळ्याला गेलो होतो. अंतर वीस किलोमीटर. मुलांनीच फळ्यावर हिशेब मांडला : जाताना चढ, म्हणून ताशी १० किलोमीटर, येताना उतार, म्हणून ताशी २०. सरासरी १५. एकूण ४० किलोमीटर, म्हणजे २ तास ४० मिनिटं. वर ५० मिनिटं झुणका-भाकरीला. अडीचला निघायचं, सहाला घरी. मी "बरोबर" अशी खूण केली. मी गणिताचा मास्तर, बरं का.

चूक सापडली का? जाताना २० किलोमीटर ताशी १० ने म्हणजे २ तास. येताना ताशी २० ने १ तास. एकूण ३ तास. खरी सरासरी ४० भागिले ३, म्हणजे १३.३ च्या आसपास. हळू जाण्यात आपण वेळ जास्त घालवतो, म्हणून हळू वेगाचं वजन सरासरीत जास्त पडतं. दोन वेगांची बेरीज करून दोनाने भागणं तेव्हाच चालतं, जेव्हा दोन्ही वेगांनी सारखाच वेळ घालवलेला असतो. सारखं अंतर असून उपयोग नाही.

वीस मिनिटांचा फरक. कागदावर काहीच नाही. पण डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यात एक पंक्चर निघालं, आणखी वीस मिनिटं गेली. वाघबीळ उतरून केर्लीच्या अलीकडे आलो तेव्हा पुरता अंधार. एकाच्याही सायकलला मागचा दिवा नव्हता, कारण "सहाला घरी" असा हिशेब होता. रस्त्याच्या कडेला उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर उभा होता, मागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी. पुढच्या मुलाला तो अगदी जवळ आल्यावर दिसला. त्याने करकचून ब्रेक मारला आणि खाली मुरमावर आपटला. गुडघा फुटला, तळहात सोलले. एवढ्यावर भागलं. त्याच्या आईने मला काही बोलून दाखवलं नाही, फक्त विचारलं, "गुरुजी, उशीर कसा काय झाला?" मला नीट उत्तर देता आलं नाही.

दुसरी सरासरीही अशीच फसवते, चढाची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून अंदाजे ५५० मीटरवर, पन्हाळा अंदाजे ९५० मीटरवर. ४०० मीटरचा चढ २० किलोमीटरमध्ये, म्हणजे शंभर मीटरला दोन मीटर. दोन टक्के चढ सायकलला काहीच नाही! पण रस्ता असा समान वाटून चढत नाही. समजा पहिले १२ किलोमीटर जवळजवळ सपाट धरले, तर ते ४०० मीटर उरलेल्या ८ किलोमीटरमध्ये आले. झाले पाच टक्के. आणि त्यातही काही वळणं याहून उभी. म्हणून "एकूण चढ किती" याच्याबरोबरच "तो कुठं आहे" हेही विचारायचं. गिअर नसलेली सायकल असेल तर वाघबीळपासून खुशाल उतरून ढकलत न्या. त्यात लाज कसली?

रस्ता तोच, महिना वेगळा

शांत रस्ता बारा महिने शांत नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत आडरस्त्यांवरही ट्रॅक्टर धावतात. ट्रॉलीतून वाडं पडतं, रानातला चिखल चाकांबरोबर डांबरावर येतो, आणि दोन्हींवरून सायकल घसरते. पण म्हणून हा काळ सोडायचा नाही, कारण गुऱ्हाळंही तेव्हाच चालू असतात. काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास अर्ध्या किलोमीटरवरून येतो. थांबा, विचारा, कोणी ना कोणी रस पाजतंच. निघायचं मात्र उजाडल्यावर, परतायचं दुपारच्या आत.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. नदीच्या पलीकडच्या गावाला जाण्याचा जवळचा मार्ग बऱ्याचदा कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यावरून असतो. पावसाळा संपला की दगडी खांबांमध्ये बरगे घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढतात. वरून जाणारी वाट अरुंद, अनेक ठिकाणी कठडाच नाही. नदी चढली की हे बंधारेच आधी बुडतात. गगनबावड्याच्या रस्त्यावरही मांडुकलीजवळ पाणी येऊन वाहतूक बंद पडते. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५० फुटांच्याही वर गेली होती. शहरात ऊन पडलंय म्हणून नदी उतरली असं समजू नका. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस गगनबावड्याकडे पडतो आणि ते पाणी आपल्यापर्यंत यायला वेळ घेतं. बंधाऱ्यावरून वीतभर पाणी वाहत असलं तरी सायकल मागे वळवायची. समोरून दुचाकीवाला आरामात आला, तरीही.

चढ नकोच असेल तर पूर्वेला जा. सायकल घेऊन जयसिंगपूर गाठा, तिथून शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड करत खिद्रापूर. काळी, सपाट जमीन, कृष्णाकाठ आणि शेवटी कोपेश्वराचं मंदिर. स्वर्गमंडपाच्या गोल उघड्या छतातून आकाश बघत पाठ टेकायला मजा येते. सावली मात्र वाटेत कमी, पाणी जास्त घ्या.

स्वाध्याय

१. एक मुलगी घाटाचे ८ किलोमीटर ताशी ८ ने चढली आणि तेवढेच ताशी २४ ने उतरली. तिची सरासरी काढा. उत्तर १६ आलं तर वरचा हिशेब पुन्हा वाचा.

२. तुमच्या गावाजवळच्या बंधाऱ्याचे बरगे कोणत्या महिन्यात घालतात आणि कधी काढतात, हे घरातल्या किंवा शेजारच्या शेतकऱ्याला विचारून वहीत लिहा.

३. शाळेपासून १५ किलोमीटरच्या आतला एक रस्ता निवडा. नकाशावर नदी निळ्या, चढ लाल आणि कारखान्याकडे जाणारा रस्ता काळ्या पेन्सिलीने दाखवा. निघण्याची आणि परतण्याची वेळ खाली लिहा. वही सोमवारी माझ्याकडे द्या, हिशेब मी दोनदा तपासणार आहे.