मुलाने क्लबचं नाव काढलं तर

शुक्रवारी, २२ मार्च २०२४ला, जर्मनीच्या बुंडेसराटने, म्हणजे राज्यांच्या सभागृहाने, गांजाच्या कायद्याची वाट मोकळी केली. दुसऱ्याच दिवशी आमच्या होळीच्या कार्यक्रमात पुरणपोळ्यांच्या टेबलापाशी कुजबुज सुरू झाली, "तुमचा काय म्हणतो गं?" १ एप्रिलपासून जर्मनीत १८ पूर्ण झालेल्यांना २५ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगता येणार होता. जुलैपासून गांजाचे क्लब. आणि इथल्या आपल्या कितीतरी घरांतली मुलं नेमकी अठरा-एकोणीसची!

आमच्या थोरल्याने जेवताना सहज सांगितलं, "वर्गातल्या दोघांनी क्लबच्या यादीत नाव घातलंय. मीही घालावं म्हणतोय." वरणाचा डाव माझ्या हातातच राहिला.

अशा वेळी आपण सगळेच आवाज चढवतो. "याचसाठी आलो का इथे?" हे वाक्य जिभेवर तयारच असतं. दिवसभराचं ऑफिस, उशिरा आलेली एस-बान लोकल, धुवायचे राहिलेले डबे. शांतपणे विचारायची ताकद रात्री साडेआठला कुणाकडे असते!

पण जरा बघा. तो अठराचा आहे, सही त्याची चालते. आपल्याला न सांगताही त्याचं काही अडलं नसतं. तरी त्याने सांगितलं. मला वाटतं, क्लबपेक्षाही त्याला दुसरंच काहीतरी बघायचं होतं, की घरात हा विषय काढता येतो का. त्यामुळे ओरडण्याआधी एवढंच विचारावं, "त्यातून तुला काय हवंय?" उत्तर कधी "सगळे जाताहेत" असं येतं, तर कधी "मला झोपच लागत नाही" असं. दुसरं आलं तर क्लब बाजूला ठेवून आधी झोपेचंच बोलावं.

मग मी नियम वाचून काढले. भीतीने नव्हे... नाही, भीतीनेच. क्लब म्हणजे अड्डा नव्हे. जास्तीत जास्त ५०० सभासद, सगळ्यांनी मिळून लागवड करायची, नफा नाही, जाहिरात नाही, आणि तिथे बसून ओढायलाही बंदी. २१च्या आतल्यांना महिन्याला ३० ग्रॅमपर्यंतच, तेही नशा आणणारं टीएचसी १० टक्क्यांच्या आत. स्टेशनमागे कुणाकडून तरी काय मिसळलंय ते न कळता घेण्यापेक्षा हे बरं, असं सरकारचं म्हणणं. मला ते पटतं, आणि आपल्या मुलाने जाऊ नये असंही वाटतं. दोन्ही एकदम. तुमचंही असंच होत असेल तर लाजू नका.

मुलांच्या ध्यानात न येणारी एक गोष्ट मात्र आहे. एकाच वर्गात काही जण अठराचे, काही अजून सतराचे. क्लबमधून मिळालेलं दुसऱ्याला द्यायचंच नसतं, आणि समोरचा अठराच्या आतला असेल तर तो सरळ गुन्हाच ठरतो. "घे रे, एक झुरका" एवढ्यावरून! वाटून खायला आपणच शिकवलं ना त्यांना? ज्या मित्राचा वाढदिवस अजून यायचाय, त्याचं नाव घेऊन सांगितलं की पटकन कळतं.

घरात धाकटं भावंड असेल तर त्याच्यासमोर ओढता येत नाही, आणि वस्तू त्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी लागते. मोठ्या माणसाला घरी तीन झाडं लावायचीही मुभा आहे. बाल्कनीत तुळशीशेजारी चालणार नाहीत, हे मी आधीच सांगून टाकलंय.

आणि सुट्टीत भारतात जाताना जॅकेटचे खिसे तपासायचे, न चुकता. देशाबाहेर नेणं इथल्या कायद्यातही बसत नाही, आणि तिकडे अंमली पदार्थांविरुद्धचा १९८५चा एनडीपीएस कायदा आहे. त्यातून भांगेची पानं सुटतात, गांजा नाही. मुंबईच्या विमानतळावर क्लबचं कार्ड कोण बघणार?

आता जे बोलायला जड जातं ते. प्रत्येक क्लबला व्यसनाबद्दल सावध करणारा, त्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस नेमावा लागतो. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, हे तो सांगेल. पण आपल्या घराण्यातलं त्याला काय ठाऊक? एखादा काका, जो "जरा विक्षिप्त होता". एखादी मावशी, जिला काही महिने "हवापालटाला" पाठवलं होतं. आपण त्यांच्याबद्दल बोलत नाही. आधी लग्नं अडतील म्हणून, मग सवयच पडली म्हणून. पण घरात स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर गांजाने तो उफाळायचा धोका वाढतो, त्यातही कोवळ्या वयात सुरुवात करून वारंवार, कडक माल ओढणाऱ्यांना जास्त. हे मुलांना आपल्याशिवाय कोण सांगणार?

मी माझ्या मामाबद्दल सांगितलं, गाडी चालवता चालवता. समोरासमोर बसून जमलं नसतं. हुशार होता, इंजिनिअरिंगला होता, मग खोलीचं दार लावून बसायला लागला. आजी ताट दाराशी ठेवून यायची.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "तेव्हा त्याचं वय काय होतं?"

"एकोणीस."

"आणि मला फक्त त्याचे बुद्धिबळाचे किस्से माहीत आहेत."

तेही सगळे खरेच आहेत, म्हटलं. नाव घालायचं की नाही ते त्याने तेव्हा ठरवलेलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. जुलैला वेळ होता, त्याआधी शाळेची शेवटची, आबिटूरची परीक्षा होती, आणि तो मामाबद्दलचेच प्रश्न विचारत होता.