शेजारचा रुग्ण घरी गेला, आमचे का नाहीत?

प्रश्न : माझ्या यजमानांचं (वय ४६) अपेंडिक्स फुटलं, पहाटे तातडीनं ऑपरेशन झालं. चार दिवस झाले तरी पोटात नळी आहे, खायला देत नाहीत. शेजारच्या खाटेवरचा अपेंडिक्सचाच रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी गेला. काही बिघडलंय का?

उत्तर : ताई, त्या रुग्णाशी तुलना करू नका. न फुटलेलं अपेंडिक्स काढलं की माणूस बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. फुटलं की पू आणि जंतू पोटात पसरतात. म्हणून शिरेतून अँटिबायोटिक्स काही दिवस चालतात, उरलेला स्राव नळीवाटे बाहेर येतो. सुजलेली आतडी मंदावतात, त्यामुळे उपास. पोटातला वायू सरू लागला ही चांगली खूण. त्यानंतर डॉक्टर पाणी, पेज सुरू करतील.

डॉक्टर परवानगी देतील तेव्हा यजमानांना आधार देऊन चालवा. दुखेल, तरीही. पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका त्यानं कमी होतो. राउंडला डॉक्टरांना विचारा : ताप उतरतोय का, नळीतला स्राव कमी होतोय का? उतरलेला ताप पुन्हा चढला, पोट फुगलं, उलट्या झाल्या तर लगेच सिस्टरना सांगा; पोटात पू साठल्याची शक्यता तपासावी लागते.

आणि आज रात्री दवाखान्यात दुसऱ्या कुणाला थांबवून तुम्ही घरी झोपा.