सोसायटीचा मेल स्पॅममध्ये का जातो?

प्रश्न : सोसायटीने यंदा स्वतःचं डोमेन घेतलं. बिलं आणि सभेच्या नोटिसा सॉफ्टवेअरमधून जातात. पण बऱ्याच सभासदांच्या जीमेलवर त्या स्पॅममध्ये पडतात, काही मेल परतही येतात. मजकुरात वावगं काही नाही. मग घोडं कुठे अडतं?
– एक खजिनदार, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ओळखीपाशी. ईमेलचे मूळ नियम 1982 साली ठरले, तेव्हा पाठवणारा खरा की तोतया हे तपासायची सोयच ठेवली नाही. गेटवरच्या वहीत पाहुणा लिहील ते नाव खरं, असा कारभार. तुमच्या नावाने ‘मेन्टेनन्स नव्या खात्यात भरा’ असा मेल कुणीही धाडू शकतो.

त्यावर पुढे तीन उपाय आले. एसपीएफ ही तुमच्यातर्फे मेल पाठवायची मुभा असलेल्या सर्व्हरांची यादी, डोमेनच्या डीएनएसमध्ये ठेवलेली. डीकेआयएम ही प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. यांपैकी एकही ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळलं नाही तर मेलचं काय करायचं, ते डीएमएआरसी सांगतं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलला पहिल्या दोहोंपैकी एक तरी प्रत्येकाकडून हवं; दिवसाला 5,000 मेल पाठवणाऱ्यांकडून तिन्ही. सोसायटी तेवढे पाठवत नाही, तरी तिन्ही लावाच.

सॉफ्टवेअरवाल्यांकडून एसपीएफची नोंद आणि डीकेआयएमची की मागून घ्या. इथे हमखास घोळ होतो : जुनी एसपीएफ नोंद तशीच राहते आणि शेजारी दुसरी चिकटवली जाते. एका डोमेनला एकच चालते; दोन झाल्या की तपासणीच फसते. मजकूर एकत्र करा. आणि ‘फ्रॉम’मध्ये सेक्रेटरींचा जीमेल पत्ता असेल तर हा खटाटोप व्यर्थ, कारण ते डोमेन गूगलचं.

थकबाकीची आठवण आली की रागाने ‘स्पॅम’ दाबणारे सभासदही असतात. अशा तक्रारी 0.3 टक्क्यांखाली ठेवा, असं गूगल सांगतं. मोजके मेल पाठवणाऱ्याला दोन-चार रागीट बोटंही महागात पडतात.

या तपासण्यांतून डोमेन खरं ठरतं, माणूस नव्हे. एखादं अक्षर फिरवून घेतलेलं नकली डोमेनही तिन्ही पार करतं. म्हणून तर रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं, ते डोमेन बँकांखेरीज कुणाला मिळत नाही.

सगळं झालं की स्वतःच्या जीमेलवर एक बिल पाठवा आणि ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिन्हींपुढे ‘पास’ दिसेपर्यंत सभेची नोटीस फलकावरही लावत जा.