बातम्यांच्या फीड : एकदा आणा, सर्वांना द्या

प्रश्न : शारजातल्या आमच्या मराठी मित्रमंडळाच्या ॲपमध्ये महाराष्ट्रातल्या दैनिकांच्या आरएसएस फीड दिसतात. प्रत्येक फोन त्या स्वतंत्रपणे मागवतो. काही संकेतस्थळे आता अडवतात. काय करावे? – एक वाचक, शारजा

उत्तर : फीड आणण्याचे काम स्वतंत्र कॅश सेवेकडे सोपवा, उद्या मंडळाच्या संकेतस्थळालाही तीच वापरता येईल. प्रत्येक फीडच्या पत्त्याखाली मजकूर, आणल्याची वेळ आणि ईटॅग (सर्व्हरने दिलेली आवृत्तीची खूण) जपा. फीडमध्ये 'टीटीएल' असेल, तर तेवढी मिनिटे साठ्यातलेच द्या. मुदत संपल्यावर ईटॅगसह विचारा; ईटॅग पाळणारा सर्व्हर बदल नसल्यास फक्त ३०४ कळवतो, मजकूर पुन्हा पाठवत नाही. मूळ सर्व्हर बंद पडल्यास जुनी प्रत दाखवा. वेळा यूटीसीतच साठवा; भारत शारजाच्या दीड तास पुढे आहे. दुसऱ्याच्या सर्व्हरवर विनाकारण भार न टाकणे हे आपले कर्तव्य आहे.