बटण गेले कुठे?

मागच्या सेमिस्टरला मिनी-प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी मला एकच प्रश्न विचारला, "नोंद करायचं बटण कुठंय?" मी पडद्याकडे बघतच राहिलो. बटण नव्हतेच!

आपल्या जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी भागात मोसंबीच्या बागा आहेत. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हटलं, प्रोजेक्ट यावरच करू. पायथनमधले टिकिंटर घेतले. फळाचा व्यास टाकला की तेवढा गोल पडद्यावर उमटतो आणि खालचे बटण दाबले की प्रतवारीची नोंद होते.

गोल काढणे सोपे आहे. कॅनव्हासचा शून्य बिंदू डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात असतो आणि 'वाय' खाली वाढत जातो, म्हणजे आपल्या ग्राफपेपरच्या उलट. इथे केंद्र आणि त्रिज्या देत नाहीत. गोलाभोवतीच्या चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे देतात. १ मिलिमीटरला २ पिक्सेल धरले तर ७० मिलिमीटर व्यासाच्या फळाची त्रिज्या ७० पिक्सेल येते. केंद्र (२००, १५०) असेल तर कोपरे (१३०, ८०) आणि (२७०, २२०).

घोळ बटणाने केला. 'प्लेस' वापरून मी ते वरून ७२० पिक्सेलवर ठोकून बसवले होते. घरच्या १९२० × १०८० मॉनिटरवर झकास दिसायचे. परीक्षेतला पडदा १३६६ × ७६८ चा. त्यात वरची पट्टी आणि खालचा टास्कबार. बटण त्याखाली गडप!

त्या रात्री 'पॅक' वापरून पाहिले. आधी कॅनव्हास, मग बटण. विंडो लहान केली तर बटण पुन्हा गायब. मग कळले की पॅक क्रमाने जागा वाटतो. पंगतीत शेवटी बसणाऱ्याला उरलंसुरलं, तसेच हे. मी क्रम उलटा केला. आधी बटणांची फ्रेम 'साइड बॉटम' देऊन, नंतर कॅनव्हास 'फिल बोथ' आणि 'एक्सपांड' देऊन. आता विंडो लहान केली की कॅनव्हास आकसतो, बटण जागचे हलत नाही. आकडे टाकायच्या चौकटींसाठी वेगळी फ्रेम करून तिच्यात 'ग्रिड' वापरा. एकाच फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड एकत्र केलेत तर एरर ठरलेला.

माझे गुण गेले ते गेलेच. तुम्ही मात्र सबमिशनच्या आधी विंडोचा कोपरा धरून ती एकदा लहान करून बघा. बटण दिसतंय ना?