गोलंदाजाचे झेल आणि त्यांचे गणित

फलंदाजाच्या धावा आणि गोलंदाजाचे बळी क्रिकेटप्रेमी वाचकाला मुखोद्गत असतात; परंतु गोलंदाजाने क्षेत्ररक्षक म्हणून किती झेल घेतले, हे सहसा कोणी पाहत नाही. या उपेक्षित आकड्यांचा अर्थ कसा लावावा, ते एका उदाहरणाने पाहू.

भागवत चंद्रशेखर यांचा जन्म १९४५ मध्ये म्हैसूर येथे झाला. बालपणी पोलिओ होऊन त्यांचा उजवा हात कृश झाला. त्याच हाताने ते गोलंदाजी करीत. मात्र क्षेत्ररक्षण करताना चेंडू डाव्या हाताने फेकीत. अशा खेळाडूकडून झेलांची फारशी अपेक्षा करू नये, असे कोणासही वाटेल. आकडे काय सांगतात?

चंद्रशेखर यांनी ५८ कसोटी सामन्यांत २५ झेल घेतले. त्यांचे समकालीन फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदी यांनी ६७ सामन्यांत २६, प्रसन्ना यांनी ४९ सामन्यांत १८ आणि वेंकटराघवन यांनी ५७ सामन्यांत ४४ झेल घेतले. सामन्यांची संख्या सारखी नसल्याने झेलांना सामन्यांनी भागले पाहिजे. तसे केल्यास दर सामन्यास चंद्रशेखर ०.४३, बेदी ०.३९, प्रसन्ना ०.३७ आणि वेंकटराघवन ०.७७ असे प्रमाण येते.

मग चंद्रशेखर हे बेदींहून सरस ठरले काय? एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. क्वचित घडणाऱ्या गोष्टी मोजताना निव्वळ योगायोगाने पडणारा फरक साधारणपणे त्या संख्येच्या वर्गमूळाइतका असतो, असा संख्याशास्त्राचा ढोबळ नियम आहे. २५ चे वर्गमूळ ५. बेदींच्या प्रमाणाने ५८ सामन्यांत २२ किंवा २३ झेल झाले असते. म्हणजे अंतर दोनतीन झेलांचेच. ते योगायोगाच्या मर्यादेत सहज बसते. परंतु याच न्यायाने चंद्रशेखर आपल्या या दोन सहकाऱ्यांहून उणे होते, असे म्हणण्यासही या आकड्यांत काहीच आधार सापडत नाही.

वेंकटराघवन यांची गोष्ट निराळी. इतर तिघांच्या एकत्रित प्रमाणाने त्यांच्या वाट्यास सुमारे २३ झेल यावयास हवे होते, आले ४४. हे अंतर वर्गमूळाच्या चौपटीहून अधिक आहे. यास योगायोग म्हणता येत नाही. मात्र ते फलंदाजाच्या जवळ उभे राहणारे क्षेत्ररक्षक होते, आणि जेथे चेंडू अधिक येतात तेथे झेलही अधिक मिळतात. मुंबईच्या एकनाथ सोलकर यांनी अवघ्या २७ सामन्यांत ५३ झेल घेतले, त्यात त्यांचे असामान्य कौशल्य आहे हे खरेच. पण शॉर्ट लेगच्या जागेचाही वाटा आहे. कौशल्य आणि संधी यांची फोड हा आकडा करीत नाही.

आणखी एक उणीव पाहा. १९७१ साली ओव्हल येथे इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला, तेव्हा चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी मिळवले. त्यांपैकी इलिंगवर्थ आणि स्नो यांचे झेल त्यांनी स्वतःच्याच गोलंदाजीवर घेतले. त्याच डावात लकहर्स्ट यांनी सरळ मारलेला चेंडू चंद्रशेखर यांच्या हाताला लागून समोरच्या यष्ट्यांवर आदळला आणि धावपट्टीवर पुढे सरकलेले जेमसन बाद झाले. धावफलकात मात्र जेमसन यांच्या नावापुढे ‘धावबाद’ एवढीच नोंद आहे!

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, म्हणजे ‘पिचर’च्या, क्षेत्ररक्षणाची नोंद अधिक तपशीलवार होते. त्याने स्वतः बाद केलेले, बाद करण्यास साहाय्य केलेले आणि त्याच्या हातून झालेल्या चुका असे तीन आकडे ठेवतात. समजा, पहिले दोन मिळून ४८ आणि चुका २, तर ५० पैकी ४८, म्हणजे शेकडा ९६ हे त्याचे यश. झेलांच्या रूढ कोष्टकात सुटलेल्या झेलांना स्थान नसल्याने असा भागाकार तेथे करता येत नाही.

म्हैसूर जिल्ह्यातील सोसल्यासारख्या गावातील शाळेच्या संघालाही अशी वही ठेवता येईल. प्रत्येक खेळाडूपुढे पाच रकाने आखावेत: तो कोठे उभा होता, त्याच्याकडे किती झेल आले, किती घेतले, किती सुटले आणि त्याच्या हातून कितीजण धावबाद झाले. झेल सुटला की नाही याविषयी वाद होतील. म्हणून नोंद करणारा विद्यार्थी खेळणाऱ्या संघांपैकी नसावा.