निसर्गचित्रातील प्रकाश आणि वातावरण : टर्नरचे एक चित्र व मराठी आस्वादाची परिभाषा

'वातावरण' ही संज्ञा मराठी समीक्षेत बरीच सैलपणे वापरली जाते. कथाकादंबरीच्या चर्चेत 'वातावरणनिर्मिती' म्हणजे घटनांना पोषक अशी भावस्थिती सुचविणारे वर्णन, एवढाच अर्थ बहुधा अभिप्रेत असतो. अशा वर्णनाला 'गूढ', 'उदास' किंवा 'प्रसन्न' यांपैकी एखादे विशेषण लावले, की विवेचन संपते. चित्रकलेत मात्र वातावरण ही प्रथमतः भावस्थिती नव्हे. पाहणारा डोळा आणि पाहिली जाणारी वस्तू यांच्यामधील हवा, तिच्यातील बाष्प, धूळ, धूर आणि या सर्वांतून येणारा प्रकाश, हा त्याचा मूलार्थ होय. तो स्पष्ट करून घेतल्यास साहित्याच्या आस्वादालाही त्याचा उपयोग होऊ शकतो.

या विचाराला लागणारी परिभाषा मराठीत रुजविण्यात वाईचा वाटा मोठा आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. या कोशाने 'पर्स्पेक्टिव्ह'साठी 'यथादर्शन' आणि 'इंप्रेशनिझम'साठी 'दृक्‌प्रत्ययवाद' या संज्ञा योजल्या आहेत. वस्तू जशी आहे तशी नव्हे, तर जशी दिसते तशी, हे तत्त्व 'यथादर्शन' या शब्दातच आहे. 'दृक्‌प्रत्यय' हा शब्द त्याहून पुढे जातो. वस्तूची ओळख पटण्यापूर्वी डोळ्याला जी प्रचीती येते, तिला स्वतंत्र मूल्य आहे, असे तो सुचवितो.

वाईच्या परिसरात या संज्ञांचा प्रत्यय सहज येतो. पाचगणीकडे चढणाऱ्या पसरणीच्या घाटातून कृष्णेचे खोरे पाहिले, तर जवळची झाडे ठसठशीत, त्यांपलीकडील टेकड्या फिकट आणि दूरची डोंगररांग निळसर दिसते. अंतर वाढते तसा मधल्या हवेचा थर वाढतो, आणि हवेत निळा प्रकाश अधिक विखुरला जात असल्याने दूरच्या काळ्या कातळावरही निळा पडदा चढतो. येथे हवा अंतराचे माप होते. हिवाळ्यात पहाटे नदीवर धुके असेल, तर मात्र जवळच्या घाटाच्या पायऱ्या आणि ढोल्या गणपतीच्या देवळाचे शिखर यांच्याही कडा विरून जातात. आता हवा हे माप राहत नाही. ती स्वतःच दृश्याचा विषय होते.

जे. एम. डब्ल्यू. टर्नर (१७७५–१८५१) याचे 'पाऊस, वाफ आणि वेग' हे तैलचित्र या दुसऱ्या अवस्थेचे उदाहरण आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमीत १८४४ मध्ये ते प्रदर्शित झाले. आता ते तेथील नॅशनल गॅलरीत आहे. मेडनहेड येथील टेम्स नदीवरच्या पुलावरून आगगाडी पावसातून प्रेक्षकाच्या दिशेने येत आहे. चित्राचा बहुतेक भाग सोनेरी, तपकिरी आणि निळसर करड्या छटांनी व्यापला आहे. डावीकडे नदीतील होडी आणि दूरचा जुना पूल, उजवीकडे नांगरणारा शेतकरी, गाडीपुढे धावणारा ससा, हे सारे शोधावे लागते. ठळक आहे ते फक्त इंजिनाचे काळे धुराडे.

प्रकाशाची योजना येथे विशेष लक्षणीय आहे. आकाशातील उजेड पावसातून गाळून येतो. त्याचा उगम कोठेही दाखविलेला नाही. उलट इंजिनाच्या तोंडाशी अग्नीची झळाळी रंगविली आहे. वस्तुतः भट्टी मागील बाजूस असल्याने समोरून ती दिसणार नाही. टर्नरने यंत्राच्या रचनेपेक्षा त्याच्या शक्तीचा प्रत्यय प्रमाण मानला आहे. या चित्रातून पाऊस आणि वाफ वजा केली, तर एक पूल आणि एक गाडी उरेल; चित्र उरणार नाही. वातावरण येथे पार्श्वभूमी नाही, ती रचना आहे.

हीच कसोटी बालकवींच्या 'औदुंबर' या आठ ओळींच्या कवितेला लावून पाहता येते. झरा, गाव, शेते आणि पायवाट असे तिच्यातील दृश्य पलीकडून डोहाकडे सरकत येते. निळा, हिरवा, पांढरा असे रंग क्रमाने येतात आणि काळ्यापाशी थांबतात. पाण्यावर पसरलेला काळोख वाचकाला आधी जाणवतो. तो ज्याच्या छायेचा आहे त्या वृक्षाचे नाव अगदी शेवटचा शब्द म्हणून येते. परिणाम आधी, वस्तू नंतर, असा हा दृक्‌प्रत्ययाचा क्रम आहे. वृक्षाचे नाव पहिल्या ओळीत घालून कविता पुन्हा मांडल्यास शब्द जवळपास तेच राहतील, पण वातावरण नाहीसे होईल. कवितेला 'उदास' म्हटल्याने यातले काहीच हाती लागत नाही.

अध्यापनात म्हणूनच विशेषणाच्या आधी काही प्रश्न यावेत. प्रकाश कोठून येतो? कोणती वस्तू स्पष्ट आहे आणि कोणती विरलेली? वाचकाला काय आधी कळते आणि काय उशिरा? हे वर्णन वगळले, तर कृतीची घडण मोडते काय? टर्नरचे चित्र छापील प्रतीवरून पाहताना रंगाच्या थरांची जाडी हरवते, ही मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर भावस्थितीचे नाव घेणे सार्थ ठरते. त्यापूर्वी घेतलेले नाव हे न पाहताच दिलेले मत असते.